सड्यावरच्या वाटांना डांबर नको, नोंद हवी

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कशेळी (ता. राजापूर, जि. रत्नागिरी) परिसरातील जुन्या गाडीवाटा आणि पायवाटा डोंगरी सायकलिंगसाठी राखण्याबाबत

मा. महोदय,
स.न.वि.वि.

समुद्रकाठच्या गावाला पर्यटनाचा निधी मिळाला की कामांची यादी बहुतेक ठरलेली असते. किनाऱ्यापर्यंत काँक्रीटचा रस्ता, वाहनतळ, पेव्हर ब्लॉक, कमान, दिव्यांचे खांब. कशेळीसाठी आपल्या खात्याकडून मला यातलं काहीच मागायचं नाही. माझी मागणी याहून खूप स्वस्त आहे. इथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, वाटा आधीपासूनच आहेत. त्या पुसल्या जाण्याआधी त्यांची नोंद करा.

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल आणि गावखडी असं करत कशेळीला पोहोचता येतं. कनकादित्याचं मंदिर बहुतेकांना माहीत असतं. अलीकडे देवघळीच्या कड्यावरही गर्दी होते. गाडी कड्यापाशी उभी राहते, फोटो निघतात आणि गाडी पुढच्या ठिकाणाकडे वळते. गावात ना कुणी जेवत, ना कुणी मुक्काम करत. ज्या सड्यावरून ही माणसं आली, तो त्यांना दिसलेलाही नसतो.

सायकलवरून मात्र सडा दिसतो. उघडा कातळ, दिवाळीनंतर पिवळं पडलेलं गवत, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती, आणि मधून जाणारी जुनी गाडीवाट. सपाट म्हणावं तर मध्येच जांभ्याची सुटी खडी लागते. चाक घसरतं, वेग आवरावा लागतो. पुढे सडा संपतो आणि वाट आंबा-काजूच्या बागांतून एकदम खाली वाडीत उतरते. काही ठिकाणी पाखाडीच्या पायऱ्या लागतात, तिथे सायकल खांद्यावर घ्यायची. असा चढउतार, असा खडबडीतपणा आणि वळणावळणाला दिसणारा समुद्र, हे सगळं इतक्या जवळजवळ क्वचितच सापडतं. डोंगरी सायकल चालवणारी माणसं अशा वाटांसाठी लांबून येतात. त्यांना लागणारं ऐंशी टक्के काम बैलगाड्यांनी आणि गुराख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलेलं आहे.

पण वाटा कमी होत आहेत. चिरेखाणी सड्याचे तुकडेच्या तुकडे कापून नेतात. बाहेरून आलेल्यांनी गुंठ्यांनी घेतलेल्या जमिनींना तारेचं कुंपण पडतं आणि कुंपणात वाट अडकते. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कामं पुढे सरकतील तसा या पट्ट्यातल्या जमिनीचा भाव आणि ताण दोन्ही वाढतील. रस्त्याला माझा विरोध नाही. खाडीवरच्या पुलांची वाट इथल्या माणसांनी फार वर्षं पाहिली आहे. फक्त महामार्ग आल्यानंतर वाटा शोधायला निघालो तर त्या सापडणार नाहीत, एवढंच सांगायचं आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. गावनकाशा काढून पाहावा. त्यात ग्रामीण गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी 16.5 ते 21 फूट धरलेली असते. पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो, त्याची रुंदी 8.25 फूट. सायकलला यातलं सव्वाआठ फूट पुरून उरतं. शेताची वाट अडवली तर शेतकऱ्याला मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र सड्यावरच्या ज्या वाटेने आता कुणाची गाडी जात नाही, तिच्यासाठी दाद मागायला कुणी उरलेलंच नाही. म्हणून पर्यटन खात्याने महसूल खात्याला सोबत घेऊन कशेळी आणि शेजारच्या गावांच्या नकाशांवरच्या या रेषा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासाव्यात, जीपीएसने नोंदवाव्यात आणि ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. हे काम तलाठी, कोतवाल आणि गावातली चार तरुण मुलं करू शकतात. सल्लागार कंपनी नेमण्याची गरज नाही.

नकाशावर नसलेल्या वाटांसाठी जमीनमालकांची संमती लागेल, आणि खरी अडचण तिथे आहे. कोकणातला सातबारा आपल्याला ठाऊक आहे. एका सर्वे नंबरवर पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. तरीही माणसं नाही म्हणतील असं मला वाटत नाही. त्यांची भीती वेगळी आहे. सायकलवाला माझ्या जमिनीत पडला, त्याचा हात मोडला, तर मला कोर्टात खेचतील का? आंब्याच्या कलमांचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार? वाट दिली की उद्या हक्क सांगतील का? या तीन प्रश्नांची उत्तरं शासनाने लेखी द्यावीत. संमती ठरावीक मुदतीची असेल, तिच्यातून कोणताही कायमचा हक्क निर्माण होणार नाही आणि अपघाताची जबाबदारी मालकावर येणार नाही, असा साधा नमुना करार खात्याने तयार केला, तर निम्मा प्रश्न सुटेल. 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात नोंदणीची चौकट तयार आहे. ती मोठ्या कंपन्यांपुरती न राहता, गावात वाटाड्या म्हणून उभं राहू पाहणाऱ्या मुलामुलींना परवडेल आणि समजेल अशी करावी.

आता जे अगदी मनापासून सांगायचं आहे ते. सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भला मोठा हत्ती आहे आणि त्या हत्तीच्या आकारात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2022 साली कोकणातल्या ज्या नऊ ठिकाणच्या कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत आणि कशेळी त्यांतलं एक. या कोरलेल्या रेषांवरून एकही चाक जाता कामा नये. सायकलची वाट शिल्पापासून पुरेशी दूर संपावी, तिथे सायकल उभी करून माणसाने चालत जावं, आणि ही हद्द पुरातत्त्व विभागाने आखून द्यावी. हे आधी ठरलं नाही तर वाटा न केलेल्याच बऱ्या.

पावसाळ्याचंही तसंच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या कातळावर मातीचा जेमतेम थर असतो आणि त्यावर गेंद, सीतेची आसवं, दिपकाडी फुलतात. कोकण दिपकाडी तर जगात फक्त या भागातल्या सड्यांवर सापडते. ओल्या थरात टायरचा चर पडला की पुढच्या वर्षी तिथे फूल येईलच याची खात्री नाही. शिवाय शेवाळलेल्या कातळावर सायकल टिकतही नाही. शिमग्यानंतर आंब्याचा हंगाम तोंडावर येतो. फवारण्या, राखण, काढणी सुरू असताना बागेतून अनोळखी माणसं गेलेली बागायतदाराला चालणार नाहीत, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणजे उरतात दिवाळी ते शिमगा एवढेच महिने. तेवढेच ठेवावेत. बाकीच्या काळात वाटा बंद, अशी पाटी ग्रामपंचायतीच्या सहीने लागावी आणि ती पाळली जावी.

हेच महिने गावाला सोयीचेही आहेत. मे महिन्यात आणि गणपतीत घरं भरलेली असतात, हिवाळ्यात खोल्या रिकाम्या पडतात. सड्यावर दिवसभर सायकल चालवणारा माणूस संध्याकाळी परत मुंबईला जाऊ शकत नाही. त्याला आंघोळीला गरम पाणी, पोटभर जेवण, रात्रीचा निवारा लागतो. सकाळी घावणे-चटणी लागते. ट्यूब फुटली, तार तुटली, ब्रेकचा पॅड झिजला तर दुरुस्ती करणारा लागतो. हा पैसा थेट वाडीत पडतो. गावातल्या दोन-तीन मुलांना सायकल दुरुस्तीचं आणि प्रथमोपचाराचं चांगलं प्रशिक्षण मिळालं तर मुंबईची गाडी पकडण्याआधी त्यांना विचार करायला एक कारण मिळेल.

सुरक्षिततेबद्दल एकच मागणी. सड्यावर पडलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे सांगता येत नाही, कारण खुणेला झाड नाही की घर नाही. दर अर्ध्या किलोमीटरवर एक चिरा पुरून त्यावर क्रमांक रंगवावा आणि ती यादी 108 रुग्णवाहिका सेवेकडे आणि जवळच्या पोलीस ठाण्याकडे द्यावी. चिरा इथलाच आहे, रंगाला फार खर्च नाही. फायबरचे रंगीत फलक नकोत, समुद्राच्या वाऱ्यात ते दोन पावसाळेही टिकत नाहीत.

वाटेवर डांबर टाकू नये, जेसीबी फिरवू नये, कठडे बांधू नयेत. खाचखळग्यांसाठीच लोक येणार आहेत.

सुरुवात एका गावापासून व्हावी, एवढीच विनंती. आपण कशेळी ग्रामपंचायत, तहसीलदार, पुरातत्त्व विभाग आणि बागायतदार यांची एक बैठक गावातच लावावी, मंत्रालयात नव्हे. बैठकीला येताना महसूल खात्याने गावनकाशाची प्रत आणावी. येत्या दिवाळीपूर्वी पहिल्या वाटेची पाहणी झाली, तर त्याच हंगामात ती चालवून पाहता येईल.

आपली विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक सायकलस्वार