किंग्ज क्रॉसचं बदक

लंडन,
रविवार

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, शिव्या घालायच्या तर आधीच घालून घे.

परवा नातीला घेऊन यॉर्कला निघालो होतो. किंग्ज क्रॉसला पोचतो तर बोर्डावर गाडी पाऊण तास लेट. इथल्या गाड्यांवर घड्याळ लावता येतं असं तू म्हणतोस ना? ये एकदा!

वेळ काढत फिरत होतो तर सर नायजेल ग्रेझ्ली दिसले. म्हणजे त्यांचा पुतळा रे. ब्राँझचा, सात फुटांहून थोडा उंच, अंगात सूट. माणसं बाजूने बॅगा ओढत जातात, वर कुणी बघत नाही. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचं इंजिन यांच्याच डिझाइनचं. ‘मॅलार्ड’ही यांचंच: ३ जुलै १९३८ला ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटर. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

मॅलार्ड म्हणजे रानबदक. साहेब घराभोवतीच्या खंदकात खरोखरच बदकं पाळायचे. म्हणून शिल्पकार हेझल रीव्हज यांनी पायाशी एक बदक ठेवायचं योजलं होतं. दोन नातवांना ते आजोबांची शोभा करणारं वाटलं. झालं, पुतळा उभारणाऱ्या संस्थेने बदक काढलं. ते परत बसवा म्हणून ३,०००हून जास्त लोकांनी सह्या केल्या, पण ५ एप्रिल २०१६ला, साहेबांच्या पंचाहत्तराव्या स्मृतिदिनी, पुतळा उघडला तो बदकाविनाच. आपल्याकडे पुतळ्याच्या पायाशी बदक असं कुणी नुसतं बोललं असतं तरी काय झालं असतं, तूच विचार कर. नातवांचं मन मला कळतं. तरी बदक हवंच होतं. त्याच्याशिवाय हा कुठल्याही बँकेचा मॅनेजर वाटतो. नात तर म्हणाली, “हे कुणाची वाट बघतायत?”

यॉर्कच्या म्युझियममध्ये खरं मॅलार्ड पाहिलं. निळंशार, नाक उतरतं, चाकं लाल. त्या दिवशी विक्रम झाला खरा, पण मधल्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग तापून गेलं आणि इंजिन पीटरबरोला सोडावं लागलं. त्या जागेचा धोका आधीच माहीत होता. म्हणून बेअरिंगमध्ये बडीशेपेच्या उग्र वासाची कुपी बसवली होती: तापलं की फुटणार आणि ड्रायव्हरला वास येणार. हे वाचलं आणि मला तुमच्या घरचं जेवणानंतरचं तबक आठवलं. हसू नकोस.

अण्णांना विचार, परळ वर्कशॉपात तापलेलं बेअरिंग ते कसं ओळखायचे? हात लावून, की नुसत्या आवाजावरून? नीट विचारून सविस्तर लिही. मागच्यासारखं चार ओळींत उरकू नकोस. त्यांचे गुडघे कसे आहेत तेही कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या