मुक्ताला, शिट्टीबद्दल

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फुटबॉलच्या सामन्यात रेफरी म्हणून काय झालं ते सांगताना तुझा आवाज बसलेला होता. आई म्हणते, चांगली नोकरी आहे बडोद्यात, रविवारी झोपायचं सोडून शिव्या खायला कशाला जाते? मी म्हटलं, खेळाचं वेड तुझ्या माहेरचं, आमच्याकडे कुणी कॅरमसुद्धा धड खेळलं नाही. त्यावर ती चहा करायला गेली.

तू दिलेली पेनल्टी बरोबर होती असं तू म्हणतेस, आणि मला ते खरं वाटतं. पण सगळे खेळाडू अंगावर आल्यावर तू त्यांना समजावत राहिलीस, तिथे घोळ झाला. पाचवा नियम तू पाठ केला आहेस: खेळातल्या घटनांबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम. मग चार-चार कारणं कशाला द्यायची? कारणं वाढली की समोरच्याला वाटतं, ही अजून वळेल. 'बॉलला नाही, पायाला लागला,' एवढंच बोलायचं, पेनल्टीच्या ठिपक्याकडे हात दाखवायचा आणि घोळक्यातून बाहेर पडायचं.

माझा जन्म टीटीगिरीत गेला. स्लीपरच्या डब्यात विनारिझर्वेशनची पंधरा पोरं एकदम बोलायला लागली की मी एकच विचारायचो, तुमच्यातला मोठा कोण? मग त्याच्याशीच बोलायचं, बाकीच्यांनी बसायचं. तुमच्याकडे २०२४ पासून फुटबॉलचे नियम करणाऱ्या आयएफएबीने तेच आणलंय ना, रेफरीकडे फक्त कॅप्टनने यायचं. स्पर्धांनी वाटलं तर वापरावं असं आहे, तेव्हा आयोजकांना आधी विचार. त्यांनी नाही म्हटलं तरी कॅप्टनला हाताशी धरायला कोण अडवतं?

आता मला खरं खटकलेलं. फाऊल झाला तेव्हा तू मधल्या वर्तुळापाशी होतीस, हे तूच बोललीस. इतक्या लांबून दिलेला बरोबर निर्णयही कुणी मानत नाही, आणि जवळून दिलेला चुकीचाही पुष्कळदा खपतो. अन्याय आहे, पण आहे. इथे रेसकोर्स रोडच्या बाजूला मुलांचे सामने होतात, तिथे मी हल्ली बॉलऐवजी रेफरीच बघत बसतो. चांगला रेफरी सरळ बॉलमागे धावत नाही. तो मैदानाच्या तिरक्या रेषेत फिरतो आणि भिडणाऱ्या दोघांमधली फट दिसेल असा बाजूला उभा राहतो. मागून बघितलं तर नुसत्या पाठी दिसतात. कडेला झेंडा घेऊन उभा राहणारा लाइन्समन तुम्हाला बहुतेक क्लबचाच मिळतो. त्याला सुरुवातीलाच बजाव, बॉल बाहेर गेला एवढंच दाखव, ऑफसाइड मी बघेन. मग ऑफसाइडसाठी, म्हणजे पास देताना पुढचा खेळाडू बचावाच्या शेवटच्या माणसांपलीकडे होता का ते बघायला, तुलाच त्यांच्या रेषेकडे सरकावं लागेल. दमछाक होईल, पण कार्डापेक्षा पायांनी मान मिळतो असं माझं मत आहे. आठवड्यात दोनदा तरी धाव.

शिट्टी जपून वाजव. बॉल बाहेर गेल्यावरचे थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर उघड दिसत असतील तर तिची गरजच नाही. सारखी वाजवली तर पेनल्टीच्या वेळी तिच्याकडे कोण लक्ष देणार? साधा फाऊल असेल तर तोकडी, मोठा असेल तर लांब आणि जोरात.

आणि निर्णय बदलायची लाज वाटू देऊ नकोस. थ्रो भलत्या बाजूला दिला आणि लगेच लक्षात आलं, तर खेळ पुन्हा सुरू होण्याआधी बदल, नियम परवानगी देतो. एकदा सुरू झाला की सोडून दे. मागची चूक भरून काढायला पुढचा फाऊल फुकट देणं मात्र वाईट. ते दोन्ही संघांना लगेच कळतं.

राहिला तो प्रशिक्षक, 'मॅडमना घरी पाठवा' म्हणणारा. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. मी तसं केलं नसतं. २०१९ पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, आणि बाकावरून कोण बोललं ते कळलं नाही तर ते मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर जातं. हुज्जतीला पिवळं म्हणजे ताकीद, शिवीगाळीला लाल म्हणजे बाहेर. त्याच्यासमोर शांतपणे जा, चेहरा न वाकडा करता पिवळं दाखव, वहीत लिही, परत फिर. भांडायचं नाही, हसायचंही नाही. त्याला कुणीतरी सांगायला हवं की १ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये कोस्टा रिका–जर्मनी हा पुरुषांच्या वर्ल्डकपचा सामना स्तेफानी फ्रापार या बाईने चालवला. आपल्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस फिफाच्या स्पर्धांत झेंडा घेऊन उभ्या राहिल्या आहेत. पण हे तू सांगू नकोस, तुझं काम कार्डाचं.

पैसे पाठवतोय, त्यातून बिनमण्याची शिट्टी घे. ओल्या दिवसांत मण्याची अडकते. दोन घे, एक खिशात राहू दे. पुढच्या रविवारी त्याच संघाचा सामना आहे म्हणालीस. नाणेफेकीला दोन्ही कॅप्टनची नावं विचारून घे, आणि सामनाभर त्यांना नावानेच हाक मार.

आईने डब्यातून चिवडा पाठवलाय, मैत्रिणींना पण दे.

तुझे,
बाबा