प्रवाळांची टाकी दुसऱ्याच्या हाती सोपवताना

महोदय,

घरात प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांनी परगावी जाण्यापूर्वी नातेवाइकाच्या हाती सूचनांचा लांबलचक कागद देण्यापेक्षा त्याच्यावर पडणारी कामेच कमी करावीत, असे कळकळीने सुचवावेसे वाटते.

घात होतो तो बहुधा पाणी भरताना. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राहते. त्यामुळे घटलेली पातळी आरओच्या गोड्या पाण्यानेच भरून काढायची असते, हे नवख्याला ठाऊक नसते आणि समुद्री टाकी म्हणून तो खारे पाणी ओततो. क्षारता वाढते, विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता, जिच्यावरून क्षारता कळते) १.०२५ या योग्य पातळीच्या पुढे सरकत जाते आणि प्रवाळ मिटू लागतात. म्हणून फ्लोट स्विचवर, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली तरंगणाऱ्या बटणावर, आपोआप गोडे पाणी भरणारी यंत्रणा बसवावी. मात्र तिच्या पिंपात मोजकेच पाणी ठेवावे, म्हणजे स्विच अडकला तरी सारे गोडे पाणी टाकीत उतरून अनर्थ होणार नाही.

खाद्याचा डबा तर हाती देऊच नये. वार लिहिलेल्या पुड्या बांधून ठेवाव्यात, कारण मायेपोटी जास्त टाकलेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो. निरोगी माशांना एखाद्या दिवसाचा उपास सहज सोसतो. दिवे टायमरवर असावेत, प्रत्येक प्लगवर चिठ्ठी असावी आणि वीज गेल्यास लावायचा बॅटरीवरचा हवेचा पंप टाकीशेजारीच असावा.

निघण्यापूर्वी एक दिवस सगळे त्यालाच करू द्यावे आणि आपण शेजारी नुसते बसावे. तो जिथे थबकेल, तिथे आपली मांडणी बदलावी.

आपला,
एक वाचक