पाच फूट आठ इंचांचा सेंटर हाफ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाला, त्यातून दोनच गोष्टी कळल्या. फुटबॉलच्या सरांनी तुला हाफवरून, म्हणजे मधल्या फळीतून, काढून मागे बचावाच्या मधोमध सेंटर बॅकला उभं केलंय, आणि तू फुगून बसला आहेस. कारण काय, तर त्या जागेला तुझी उंची कमी पडते. फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

बिली राइट हे नाव तुमच्या पिढीला माहीत असायचं कारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड ज्या पहिल्या १०८ इंटरनॅशनल मॅच खेळलं, त्यांतल्या १०५ मॅचना हा माणूस मैदानात होता, त्यातही ९० वेळा कॅप्टन. शंभर इंटरनॅशनल खेळणारा जगातला पहिला फुटबॉलपटू तोच. लीगमध्ये क्लब एकच, वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, म्हणजे आपण ज्याला वुल्व्ज म्हणतो तो. आणि उंची ५ फूट ८ इंच. तुझ्याहून एक इंच जास्त, बस.

१९३८ मध्ये चौदाव्या वर्षी तो वुल्व्जच्या ग्राउंड स्टाफवर लागला. काही महिन्यांतच मॅनेजर मेजर फ्रँक बकली यांनी त्याला ‘फार लहानखोर आहेस’ म्हणून घरी पाठवायचं ठरवलं होतं, मग कसं कोण जाणे, मन बदललं. आधी तो पुढच्या फळीत खेळला, नंतर हाफला. म्हणजे तुझ्याच वाटेने मागे सरकत आला.

सेंटर बॅकला तेव्हा सेंटर हाफ म्हणत. मागे उभा राहणारा माणूस ‘हाफ’ कसा? १९२५ पर्यंत ऑफसाइड, म्हणजे पास येताना बचावाच्या पलीकडे उभं असणं, टाळायला अटॅकर आणि गोल यांच्यामध्ये विरुद्ध टीमचे तीन खेळाडू लागायचे. त्या वर्षापासून दोन पुरेसे झाले. गोलांचा पाऊस पडायला लागला, तेव्हा मध्यात मोकळा हिंडणारा सेंटर हाफ दोन फुलबॅकच्या मधोमध खाली आला. जागा बदलली, नाव चिकटून राहिलं. त्याची जर्सी पाच नंबरची आणि काम एकच : समोरच्या नऊ नंबरला, म्हणजे त्यांच्या सेंटर फॉरवर्डला, सोडायचं नाही.

पण नऊ नंबर तिथे आलाच नाही तर?

२५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हेच झालं. हंगेरीचा नऊ नंबर हिदेगकुटी पुढे थांबलाच नाही, खाली जाऊन हाफच्या रांगेत खेळला. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन पेचात पडला. त्याच्या मागे जावं तर मागे पुश्काश आणि कोचिश या हंगेरीच्या फॉरवर्डसाठी भगदाड. जाऊ नये तर हिदेगकुटी मोकळा, चेंडू पायात, तोंड गोलकडे. पहिल्याच मिनिटात त्याने गोल केला आणि पुढे हॅटट्रिक पुरी केली. इंग्लंड घरच्या मैदानावर ३-६ ने हरलं. लोक दोष जॉन्स्टनला देतात. मला विचारशील तर चूक ठरवण्याची होती, त्याची नव्हे. हिदेगकुटीला कुठला हाफ अडवणार, हे आधी पक्कं झालेलंच नव्हतं. सहा महिन्यांनी बुडापेस्टला इंग्लंडने त्याच हंगेरीकडून १-७ असा मार खाल्ला.

वेम्बलीला राइट उजव्या बाजूचा हाफ होता, आणि त्या मॅचमधला हंगेरीचा तिसरा गोल तू नीट बघ, व्हिडिओ मिळतो. पुश्काश सहा यार्डांच्या चौकटीच्या कडेला आहे, चेंडू डाव्या पायाजवळ. राइट वेगाने येतो आणि आडवा घसरतो. त्याच क्षणी पुश्काश बुटाचा तळवा चेंडूवर ठेवून तो मागे ओढतो. राइट चेंडू जिथे होता त्या जागेवरून पलीकडे निघून जातो. पुश्काश डाव्या पायानेच जवळच्या पोस्टच्या आतून चेंडू ठोकतो. ‘द टाइम्स’मध्ये जेफ्री ग्रीनने लिहिलं ते अजून लोक सांगतात : आग एकीकडे आणि बंब धावतोय दुसरीकडे. थट्टा झाली, पण नेमकं बिघडलं काय ते समजून घे. वेग चुकला नव्हता. चेंडू पुश्काशच्या ताब्यात असताना राइट आडवा झाला. चेंडू तळव्याखाली येण्याइतका जवळ असेल, तर समोरच्याला तो कुठेही नेता येतो. घसरायचं ते चेंडू त्याच्या पायापासून सुटल्यावर, पुढच्या टचच्या आधी. तोवर तिरकं उभं राहायचं, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, हातभर ते दीड हात अंतर, आणि त्याला त्याच्या कच्च्या पायाकडे ढकलत न्यायचं. राइट नुसता उभा राहता, तर त्या कोनातून पुश्काशलाही गोल सोपा नव्हता.

१९५४ च्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियमविरुद्ध इंग्लंडचा सेंटर हाफ सिड ओवेन जखमी झाला. बदली खेळाडू उतरवायची सोय तेव्हा नव्हती. राइट वयाच्या तिसाव्या वर्षी त्या जागी सरकला आणि १९५९ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. वुल्व्जने लीग तीनदा जिंकली, त्यातल्या १९५८ आणि १९५९ च्या दोन्ही वेळा तो पाच नंबरवर होता.

आता उंचीचं. त्याचं नाव होतं ते उडीच्या टायमिंगसाठी, आणि ते शिकता येतं. हवेतल्या चेंडूला अटॅकरच्या पाठीला चिकटून थांबू नकोस. चिकटलास की जागेवरून दोन्ही पायांनी उडावं लागतं, आणि त्या उडीत उंच माणूसच जिंकतो. एक-दीड पाऊल मागे, किंचित गोलच्या बाजूला राहा. चेंडू निघाल्यावर दोन-तीन पावलं धाव घेऊन एका पायावर उड. तू वर पोचलेला असताना त्याचे पाय जमिनीवरून सुटत असले पाहिजेत; तू आधी वर असलास की त्याला नीट उडताच येत नाही. हात बॅलन्सपुरते, कोपर खांद्यावर गेलं की फाऊल. चेंडू कपाळाच्या मधोमध, डोळे उघडे. टाळूला लागला तर सरळ वर उडतो आणि आपल्याच डीमध्ये, गोलसमोरच्या चौकटीत, पडतो.

यात दोन गोष्टी बिघडतात. अंतर जास्त झालं की तो चेंडू छातीवर घेऊन वळतो. आणि तू चेंडूऐवजी माणसाकडे बघत राहिलास की फार लवकर उडतोस, चेंडू येईपर्यंत खाली आलेला असतोस. चेंडू मिळणारच नाही असं दिसलं, तर उडू नकोस. त्याच्या डोक्याला लागून चेंडू जिथे खाली पडेल, त्या जागी जा.

तुमच्या पावसाळी मैदानाबद्दल तक्रार करतोस, म्हणून हेही सांगतो. १३ डिसेंबर १९५४ ला पुश्काशचा क्लब होनवेद वुल्व्जच्या मोलिनो मैदानावर आला. पाऊस झालेलाच होता, तरी मॅनेजर स्टॅन कलिस यांनी मैदानावर आणखी पाणी मारायला लावलं. होनवेदने आधी दोन गोल केले, पण चिखलात त्यांचे जमिनीवरचे छोटे पास अडकायला लागले, पाय जड झाले, आणि वुल्व्जने ३-२ ने मॅच काढली. तेव्हाचा चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा, तुमचा तसा होत नाही. पण चिखलात चेंडू मध्येच थांबतो हे तुझ्याही बाजूचं आहे : पासच्या रेषेत एक पाऊल आधी निघ. स्वतः मात्र गोलसमोर आडवा पास देऊ नकोस.

या सगळ्यासाठी राइटला पैसे किती? १९५८ पासून इंग्लंडच्या कुठल्याही खेळाडूला, कॅप्टन असला तरी, क्लबकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड. ती मर्यादा उठली जानेवारी १९६१ मध्ये. तोवर राइटने बूट टांगून दीड वर्ष होत आलं होतं. वुल्व्जसाठी ५४१ मॅच खेळला, आणि रेफ्रीने कधी त्याचं नाव लिहून घेतलं नाही, बाहेर काढणं तर दूरच.

शनिवारच्या मॅचआधी सरांना एवढं विचारून ठेव : त्यांचा नऊ नंबर खाली गेला तर त्याच्याबरोबर कोण जाणार, मी की हाफ? आणि तो जो कोणी हाफ असेल, त्याच्याशी तू स्वतः बोल. आईने मेतकूट आणि बेसनाचे लाडू पाठवलेत, ते रूमवर एका दिवसात संपवू नका.

तुझा,
बाबा