वाळूच्या गावाहून परत आल्यावर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं जावं, याची दोन पानं आली होती. नवीन लग्न झालेल्यांसाठी थंड हवेची ठिकाणं, लेकराबाळांसह जाणाऱ्यांसाठी कोकण, ज्येष्ठांसाठी तीर्थयात्रा. मी दोन्ही पानं दोनदा वाचली. वय ५१, एकटी, आणि घरातलं मोठं आजारपण नुकतंच संपलेलं, अशी बाई त्यात कुठं बसते हे मला सापडलं नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर काटछाट करावी, पण शेवटची मागणी तेवढी ठेवावी, ही विनंती.

मी लातूरची. एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. लग्न केलं नाही. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. २०१४ साली त्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं आणि २०२३ च्या दिवाळीनंतर ते गेले. मधली नऊ वर्षं ते आणि मी, दोघंच. या आजारात हात थरथरतात एवढंच बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याहून अवघड म्हणजे चालता चालता पाय जागच्या जागी गोठतात. अण्णा न्हाणीच्या उंबऱ्याशी यायचे आणि तिथंच खिळायचे. डोकं सांगतंय चल, पाय ऐकत नाहीत. फिजिओथेरपिस्ट ताईंनी उपाय सांगितला. फरशीवर हातभर अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या लावा, खाली पायांकडं बघू देऊ नका, समोर बघायला लावा आणि मोठ्यानं मोजा. मी रोज मोजायचे, "एक, दोन, तीन, अण्णा, टाका पाय." आणि खरोखर पाय सुटायचा.

शेवटची दोन वर्षं ते अंथरुणावरच होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. बारा, दोन, चार, सहा. घड्याळाचा गजर मी पुढं पुढं लावतही नव्हते, आपोआप जाग यायची. त्याआधी २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत रोजच्या ओल्या चादरी धुवायला पाणी कुठून आणायचं, हा माझ्या घरातला पहिला प्रश्न होता. चादर खळबळलेलं पाणी दुसऱ्या चादरीला, तेच पुढं फरशीला. पाणी म्हणजे मापानं वापरायची वस्तू, हे तेव्हा अंगात इतकं मुरलं की पाण्यात नुसतं पडून राहता येतं, हे मनातही येत नव्हतं.

अण्णा गेल्यावर लोक म्हणाले, "सुटलीस गं." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मला तो शब्द सहन झाला नाही. कुणी काशी-रामेश्वर सुचवलं. पुण्याचा भाऊ म्हणाला, इकडंच राहायला ये. मी रात्री दोनला उठून रिकाम्या पलंगाजवळ जाऊन उभी राहत होते. हे वर्षभर चाललं.

लहानपणी आजोळी, औशाजवळ, मामाच्या विहिरीत मुलं पाठीला डबा बांधून पोहायला शिकायची. आम्ही मुली काठावर बसून त्यांचे कपडे राखायचो. ते कपडे राखणं मला पन्नाशीत आठवायला लागलं. पोहायचं शिकावं म्हणून तलावावर चौकशी केली, तर बायकांची बॅच सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते बारा. अकराला मी कॅश काउंटरवर असते. अर्ज दिला, दोनदा जाऊन विचारलं. "बायका येत नाहीत, म्हणून वेळ वाढवत नाही," असं उत्तर मिळालं. अकराची वेळ ठेवल्यावर नोकरीच्या बायका येणार कशा? शेवटी रजा टाकून टाकून, तुटक तुटक, चार महिन्यांत कशीबशी पोहायला शिकले.

सर्फिंग आमच्या काउंटरवरच्या एका तरुण सहकाऱ्यानं फोनवर दाखवलं. लांबट फळीवर पालथं पडायचं, हातांनी पाणी कापत जायचं, मागून लाट आली की तिच्याबरोबर उठून उभं राहायचं. ते उठणं बघून मी फोन त्याच्या हातात परत देईना. आपल्याकडं गोव्यात, कर्नाटकात मुल्कीला, चेन्नईजवळ कोवलमला हे शिकवतात. तरी मी श्रीलंकेतलं वेलिगामा निवडलं. दक्षिण किनाऱ्यावरचा तो रुंद उपसागर, तळाला खडक नाही, वाळू आहे, म्हणून नवशिके तिथं जातात. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडचा समुद्र शिकण्याजोगा असतो. आणि खरं सांगायचं तर मला लातूरपासून इतकं लांब जायचं होतं की कुणाला "आलोच तासाभरात" म्हणता येऊ नये.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "कोन हाय संगं?" कुणी नाही म्हटल्यावर, "मग कशाला जायलीस?" मी म्हटलं, "शिकायला." त्या गप्प झाल्या. जायच्या दिवशी मात्र दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन आल्या.

गेल्या जानेवारीत रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमानानं कोलंबो, कोलंबो फोर्टहून रेल्वेनं वेलिगामा. ही रेल्वे बराच वेळ समुद्राला इतकी खेटून जाते की खिडकीशी बसलेल्याच्या ओठांवर मीठ येतं. पेरलिया गाव याच वाटेवर. २६ डिसेंबर २००४ ला सुनामीनं तिथं अख्खी प्रवासी गाडी उलथवली, हजाराहून जास्त माणसं गेली. डब्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं तिथं हात जोडले, तिच्यामागोमाग मीही जोडले. गॉल स्टेशनात रूळ संपतो, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट्या दिशेनं निघते. आपण आलो तिकडंच परत चाललो की काय, असं वाटून मी क्षणभर घाबरले होते.

मी एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. त्यांनी पहिल्या संध्याकाळी गावाच्या नावाचा अर्थ सांगितला. तिकडच्या सिंहली भाषेत वेलि म्हणजे वाळू, गम म्हणजे गाव. मी म्हटलं, आमच्यातही वाळू आणि गाव. मग दोघी शब्द जुळवत बसलो. दिवसाला दवस, दहाला दहय, मिठाला लुणु. माझ्या डोळ्यांसमोर लोणचं आलं. थोरल्या बहिणीला त्या अक्का म्हणतात. माझी आई तिच्या थोरल्या बहिणीला अक्काच म्हणायची. नऊ दिवस मला त्या घरात आणि किनाऱ्यावर सगळ्यांनी अक्का म्हणून हाक मारली. रात्रीच्या जेवणाला भात, परिप्पु म्हणजे आपलं घट्ट वरण, आणि खवलेल्या खोबऱ्याचं लालभडक पोल संबोल. मावशींची चटणी त्यांनी चाखली आणि बरणीभर ठेवून घेतली.

शिकवणारा मुलगा पंचविशीचा असेल. पहिला तास पाण्यात नाहीच. त्यानं वाळूत बोटानं फळीचा आकार काढला, त्यावर पालथं झोपवलं. छातीपाशी हात टेकायचे, भुजंगासनासारखी छाती उचलायची आणि एका हिसक्यात पाय अंगाखाली घेऊन उभं राहायचं. वाळूत मला ते जमलं. माणूस उचलायची सवय असलेले हात आहेत माझे, आता स्वतःला उचलायचं होतं. त्यानं घोट्याला दोरी बांधली, नऊ फुटी मऊ फोमची फळी दिली. पडलात तर डोकं पुढं करून सूर मारू नका, पसरट पडा, वर येताना हात डोक्यावर धरा. फळी कधीही आपण आणि लाट यांच्यामध्ये ठेवू नका, बाजूला ठेवा. हे त्यानं चार वेळा म्हणवून घेतलं.

कंबरभर पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या फेसात तो फळी ढकलायचा आणि ओरडायचा, "अक्का, अप!" मी गुडघ्यावर यायचे आणि तिथंच थिजायचे. दोन दिवस हेच. कोपरं सोलवटली, बरगड्या ठणकत होत्या, नाकातोंडात पाणी. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुम्ही पायांकडं बघता. पायांकडं बघितलं की पडणार. समोर बघा, त्या नारळाकडं. मी मोजतो." आणि मागून लाट येताना त्यानं मोजलं, "एक, देक, तुन."

सिंहलीतलं एक, दोन, तीन.

मी उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही, किनाऱ्यावरचा नारळ जवळ येत होता एवढं आठवतं. फळी वाळूला लागली तेव्हा मी खाली बसून मोठ्यानं रडले. तो मुलगा घाबरून धावत आला. त्याला कसं सांगणार होते, की हेच शब्द मी कितीतरी वर्षं दुसऱ्या कुणाला म्हणत होते? पण तुटक्या इंग्रजीत सांगितलं. तोही वाळूत बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "अक्का, पुढची लाट चांगली आहे." आम्ही पुन्हा पाण्यात गेलो.

त्या रात्री मी नऊला झोपले. जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता, सव्वासहा वाजले होते. मधलं दोन नाही, चार नाही. घरच्या बाईंनी चहा आणला तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी कप तसाच खाली ठेवला आणि माझा हात धरून बसल्या.

एक गोष्ट मला लातूर, नांदेड, सोलापूरकडच्या वाचकांना मुद्दाम सांगायची आहे, कारण आपण सगळे मे महिन्यात गणपतीपुळ्याला, अलिबाग-मुरूडला जातो आणि समुद्राचं आपल्याला काहीच ठाऊक नसतं. चौथ्या दिवशी वारा पडला होता तरी लाटा आल्या. मी विचारलं, कशा? शिकवणाऱ्या मुलानं दक्षिणेकडं हात केला. इथून अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही. तिकडं खाली, हजारो किलोमीटरवर वादळ होतं, त्याची लाट दिवसेंदिवस चालत इथं येते. मग त्यानं मला किनाऱ्यावर उंच जागी उभं केलं आणि विचारलं, "अक्का, तुम्ही कुठून पाण्यात उतराल?" दोन्हीकडं लाटा फुटत होत्या, मध्ये एक पट्टा शांत, गढूळसा. मी तो पट्टा दाखवला. तो म्हणाला, नवीन माणूस तिथंच उतरतो आणि तिथंच बुडतो. लाटांनी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, ती वाट म्हणजे तो शांत पट्टा. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडं झगडू नका, चांगला पोहणाराही थकतो. घाबरू नका, तरंगा, किनाऱ्याला समांतर आडवं सरका, ओढ संपली की मग आत या.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला सहलीला आलेली डझनाहून जास्त कॉलेजची मुलं एका दुपारी गेली. त्यांच्यातल्या कुणाला हे सांगितलं गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला ५१ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, असं मात्र भूगोलाच्या तासाला पाठ करून घेतलं होतं. आपल्याकडं भरती-ओहोटीचा फरकही तिकडच्यापेक्षा कितीतरी मोठा. वेलिगामात तो जेमतेम दोन-अडीच फूट, मुंबईला उधाणात, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, पंधरा फुटांच्या आसपास. म्हणजे आपल्या समुद्राची ओळख करून घेण्याची गरज आपल्यालाच जास्त. कोकणातल्या कोळी बांधवांना उधाण आणि भांग, म्हणजे लहान भरती, तिथीवरून कळतात. पर्यटकांना ते त्यांच्याकडून शिकवण्याची सोय प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर का होऊ नये?

खर्च विचारणाऱ्यांसाठी, विमान धरून नऊ दिवसांचे सत्तर हजारांच्या आत. एकटी असल्याचा त्रास झाला नाही. परतीच्या गाडीत मात्र एका मराठी कुटुंबानं प्रेमानं डब्यातला लाडू दिला आणि मग विचारलं, "घरचे कुठं आहेत?"

आता माझं मागणं. घरात आजारी माणूस असणाऱ्या प्रत्येक कुटुंबात एक सांभाळणारं माणूस असतं, बहुतेक वेळा मुलगी, सून किंवा बायको. औषधांच्या याद्या होतात, या माणसाची रजा कुठंच लिहिलेली नसते. मला नऊ वर्षांत कुणी "दहा दिवस मी बघतो, तू जा" असं म्हटलं नाही, आणि मीही मागितलं नाही. मागायला हवं होतं. अण्णा असताना मागायला हवं होतं, तर कदाचित मी शेवटची दोन वर्षं त्यांच्यावर कमी चिडले असते. वाचकांतल्या भावांनी, दिरांनी, पुण्या-मुंबईच्या लेकांनी हे वाचून आजच फोन करावा आणि तारखा विचाराव्यात. आणि आपण, संपादक महोदय, पुढच्या पुरवणीत एक रकाना असा छापा की मोठ्या वयाच्या बायकांना पोहायला, सर्फिंग करायला, डोंगर चढायला कुठं शिकवतात, कोणत्या वेळी, किती पैशांत. आपल्या छापण्यानं आमच्या गावातल्या तलावावर बायकांची संध्याकाळी साडेसहाची एक बॅच सुरू झाली तरी माझ्या ओळखीच्या अकरा जणी पहिल्या दिवशी नाव घालतील. मी यादी करून ठेवली आहे.

अण्णांच्या खोलीतल्या फरशीवरच्या पट्ट्या मी काढलेल्या नाहीत. रोज सकाळी त्यांच्यावर सतरंजी टाकते, पालथी झोपते, मोजते आणि उठते. डिसेंबरसाठी बँकेत रजेचा अर्ज दिला आहे.

आपली नम्र,
एक वाचक, लातूर
(नाव छापू नये, ही विनंती.)