अनघाने माफ केलंच पाहिजे का?

मा. संपादक,
नमस्कार. रविवारच्या पुरवणीत येणारी क्रमशः कादंबरी मी पहिल्या भागापासून वाचतेय. गेल्या आठवड्यात तिच्यावर आलेली वाचकांची पत्रं पण वाचली आणि डोकंच फिरलं, म्हणून हे लिहितेय. बहुतेकांचं म्हणणं एकच, कादंबरीची नायिका अनघाने आता जुनं सोडून द्यावं, वडील म्हातारे झालेत, डिमेन्शियामुळे त्यांना स्वतःलाच काही आठवत नाही मग हीच का धरून बसलीय.

अहो पण तिची अडचण तीच तर आहे! ज्या बापाने लहानपणी पट्ट्याने मारलं, चार लोकांसमोर नको नको ते बोलला, आणि बाहेर ज्याला सगळे देवमाणूस म्हणायचे तो आता अगदी निरागस चेहऱ्याने विचारतो की मी कधी असं केलं. म्हणजे कबूल करणारा माणूसच उरला नाही. झालं ते माहीत असणारी ती एकटी, आणि तिनेही विसरायचं ठरवलं तर मग ते घडलंच नव्हतं असं होऊन बसतं. तिला चिकट, आकसखोर वगैरे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेलं दिसत नाही.

इथे लेखकाशी पण माझं थोडं भांडण आहे. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकारात, साधारणपणे आधी ताज्या गोष्टी पुसल्या जातात, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं पुष्कळ दिवस शिल्लक राहतं. कादंबरीतल्या वडिलांना स्वतःच्या नोकरीतले किस्से तारखेसकट आठवतात, फक्त पट्टा तेवढा आठवत नाही. हे आजारपण आहे की सोय आहे? लेखकाने मुद्दाम केलं असेल तर फारच भारी, पण मग अनघाला एकदा तरी ही शंका येऊ दे ना.

"विसरून जा" हा सल्ला देणाऱ्यांसाठी एक सांगते. डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये एक प्रयोग केला होता, लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. वर नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर या लोकांच्या डोक्यात अस्वल आणखीनच जास्त यायला लागलं. ही साध्या अस्वलाची गत, इथे तर अख्खं बालपण आहे.

आणि हे नुसतं डोक्यातलं पण नाही. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की अनघा जागच्या जागी थिजते, नवरा चांगला आहे हे पक्कं माहीत असून. हा प्रसंग लेखकाने फार खरा लिहिलाय. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी 2022 पासून लागू झाली, तिच्यात कॉम्प्लेक्स पीटीएसडी (बराच काळ सोसलेल्या छळासारख्या आघातानंतर होणारा मनाचा आजार) हे वेगळं निदान आहे. त्याची लक्षणं बघा: सतत सावध राहणं, मधेच सगळं पुन्हा घडतंय असं वाटणं, झाल्या प्रकाराची आठवण देणारं सगळं टाळणं, शिवाय भावना न आवरणं, आपण फालतू आहोत असं आतून वाटणं आणि जवळच्यांशी नाती टिकवणं अवघड जाणं. अनघात यातलं काय नाही सांगा. ती हे सगळं हौसेने करतेय का?

तिची समुपदेशक मात्र मला अजिबात पटली नाही. पहिल्याच भेटीत "माफ करा, सुटाल" म्हणे, ही ढसाढसा रडते आणि हलकी होऊन घरी येते! ट्रॉमावरच्या, म्हणजे मनावरच्या अशा आघातावरच्या, उपचाराला महिनोन् महिने लागू शकतात, मधे काही दिवस त्रास उलट वाढतो, आधी पेशंटला सुरक्षित वाटावं लागतं मग पुढचं. माफी या विषयावर आयुष्यभर काम करणारे रॉबर्ट एनराइट सुद्धा माफ करणं आणि पुन्हा जवळ जाणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात, आणि माफी ही ज्याची त्याने मनाने द्यायची, कुणी लादायची नाही. अनघा वडिलांच्या औषधांचे पैसे देते, रात्रीची नर्स लावते, पण त्यांनी डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला तेव्हा उठून खोलीबाहेर गेली. यावरून तिला दगड म्हटलंय एका वाचकाने. मला विचाराल तर अख्ख्या कादंबरीत ती पहिल्यांदाच तिथे मोकळी वाटली, हात नको म्हणता आलं तिला. लहानपणी कुठे म्हणता येत होतं.

मारहाणीचे प्रसंग मात्र एक भाग सोडून एक इतक्या तपशिलात नकोत, ज्यांनी हे भोगलंय ते पण पुरवणी वाचतात.

आणि तो धाकटा भाऊ कुठे गेला? त्याच घरात वाढला, त्याला कधी हात लागला नाही, दाराआडून सगळं बघायचा आणि आता ताईलाच म्हणतो मला काही आठवत नाही. त्याला तर डिमेन्शिया नाहीये. दिवाळखोरीच्या भानगडीनंतर लेखकाने त्याला गायबच केलंय. त्याला परत आणा आणि अनघासमोर बसवा एकदा, वडिलांकडून जे मिळणार नाही त्यातलं थोडं तो देऊ शकतो.

आपली,
एक नियमित वाचक