पावसाळी बंदी आम्हाला लागतच नाही, साहेब

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ल्याचा. पोटासाठी नोकरी, आणि रविवारी मास्क, फिन्स, स्पिअरगन (पाण्याखाली भाला सोडायची बंदूक) घेऊन खडपात, म्हणजे समुद्रातल्या खडकांत, उतरायचं, हा छंद. पाठीला हवेची टाकी नाही. एका श्वासात जेवढं खाली जाता येईल तेवढंच. मिळालेला मासा घरच्या तव्यावर जातो, बाजारात नाही. असे आम्ही मूठभर लोक. मूठभरांसाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असं वाटेल. पण मी सवलत मागत नाहीये, उलट बंदी मागतोय.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, राज्याच्या बारा सागरी मैलांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. पूर्वी ही बंदी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांत जे आधी येईल तोपर्यंत असायची. माशाला वीण घालायला उसंत मिळावी आणि वादळात माणसं जाऊ नयेत, ही दोन्ही कारणं कोणालाही पटतील अशीच आहेत. ट्रॉलरवाल्याचं यात दोन महिन्यांचं उत्पन्न बुडतं. आमचं काय बुडतं? काहीच नाही. मृग लागला की खाड्या लाल पाणी ओततात, समुद्राचा चहा होतो, आणि स्वतःचा पंजा दिसत नाही तिथे मासा कुठला दिसायला! पाणी निवळतं ते दिवाळीच्या आसपास. तिथून मेपर्यंत आमचा हंगाम. म्हणजे सरकारचा आदेश नसता तरी जून-जुलैत आम्ही घरीच.

फक्त एकदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लांबला होता आणि पाणी काचेसारखं होतं. किनाऱ्यावरून पोहतच जाणार होतो, नौकेचा प्रश्नच नव्हता. वाटेत होडीवर झापं घालत असलेल्या एका काकांनी हटकलं, ‘‘आमची होडी वर ओढलेली, नि तू भालो घेवन खंय चललस?’’ आदेश यांत्रिक नौकांचा आहे, असं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. परत फिरलो.

आता खरी गोष्ट. आम्ही मारतो ते गोब्रे आणि तांबोशी, म्हणजे खडपातले मासे. जाळं खडपावर फाटतं म्हणून ट्रॉलर तिथे फिरकत नाही. त्या कपारीत पोचतो तो गळ, नाहीतर आमचा भाला. गेल्या वर्षी मार्चमध्ये निवतीच्या बाजूला पावणेतीन किलोचा गोब्रा मिळाला. घरी आईने पोट फाडलं तर आत दोन्ही बाजूंना गच्च गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. ‘‘ही कशाला आणलीस रे?’’ एवढंच म्हणाली. गाबोळी तळली, पण मला काही ती गेली नाही. मार्चमध्ये कुठली बंदी होती?

दुसरं त्याहून वाईट आहे. गोब्रा जन्मतो तो बहुतेक मादी म्हणून. वय आणि अंग वाढलं की त्यातल्या काहींचे नर होतात. म्हणजे कपारीतला सगळ्यात थोराड मासा बहुधा नर. आणि भालेवाला काय करतो? बघून, निवडून, सगळ्यात मोठा मारतो. आम्ही फुशारकी मारतो की आमच्याकडे जाळ्यासारखा कचरा मासा मरत नाही. खरं आहे. पण एकाच खडपावरचे नर वेचून काढायचे, ही निवडही आमचीच. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवलं, ते लहान मासा वाचवायला योग्यच. गोब्र्याला मात्र वरचीही मर्यादा हवी.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूला उथळ पाण्यातल्या गोब्र्यांची शिकार १ जानेवारी ते ३० एप्रिल बंद असते, हौशी गळवाल्याला आणि भालेवाल्याला सारखीच. तारखा तिथल्या, त्या इकडे चिकटवून चालणार नाहीत. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र मुंबईत आहे. कोकणातल्या खडपातले गोब्रे, तांबोशी कोणत्या महिन्यांत वीण घालतात ते त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि तेवढे महिने हौशी भाला बंद ठेवा. रोजंदारीवर गळाने गरवणाऱ्याला त्यात ओढू नका; त्याचं पोट आहे, आमची हौस आहे. सोबत टाकी लावून किंवा रात्री बॅटरी मारून शिकार नको (झोपेतला मासा मारणं याला शिकार म्हणायची मला तरी लाज वाटते), हौशी माशाची विक्री नको, आणि दिवसाला दोन मासे पुरेत. आमच्यातले काहीजण हे वाचून माझ्यावर उखडतील, याची कल्पना आहे.

गाबोळीचे महिने शोधायला मदत लागली तर आम्ही मारलेल्या प्रत्येक माशाचं पोट, वजन, लांबी, तारीख लिहून द्यायला तयार आहोत. मी मार्चपासून वही घातली आहे. बैठक लावायची झाली तर जून-जुलैत लावा. तेव्हा आम्ही सगळे मोकळेच असतो.

आपला,
वेंगुर्ल्याचा एक हौशी भालेवाला